परमनंट कुडाळकर

दत्तप्रसाद कुडाळकरांना खोट काढण्याचा पगार मिळत असे. दुबईपलीकडच्या रास अल खैमामधल्या एका सिरॅमिकच्या कारखान्यात ते क्वालिटी मॅनेजर होते. भट्टीतून निघालेली कमोडं आणि वॉशबेसिनं त्यांच्यासमोरून जात, कुडाळकर लहानशा लाकडी हातोडीने टकटक करून कान देत, आणि आवाज जरा बोदा वाटला की लाल खूण करून माल बाजूला काढत. कामात ते पक्के होते, याबद्दल कारखान्यात दुमत नव्हतं. अडचण एवढीच, की फाटकाबाहेर पडल्यावरही ती हातोडी त्यांच्या हातातून सुटत नसे.

कारखान्यातले इंजिनियर त्यांच्या मते ढ होते, शेजारचे लोक अडाणी, मुलीच्या शाळेतल्या बाई चुकीचं इंग्रजी बोलणाऱ्या. दुबईच्या मराठी मंडळात गणपतीला गेले की मखर बटबटीत, आरती बेसूर आणि मोदकांचं पीठ विकतचं. अरुण पेंढारकर हे त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आपल्या फ्लॅटसाठी त्यांनी हौसेने नवा सोफा घेतला आणि कुडाळकरांना जेवायला बोलावलं. कुडाळकर त्याच सोफ्यावर रेलून म्हणाले, "अरुण, व्हिसावर राहणाऱ्या माणसाने एवढं जड सामान करू नये. कंपनीने उद्या यल्ला, चला निघा, म्हटलं तर हे उचलणार कोण?"

पेंढारकर हसले. त्यांची बायको वीणा हसली नाही. वाढायला आणलेली भरली वांगी तिने सगळ्यांच्या पानात दोन-दोन घातली आणि कुडाळकरांच्या पानात एक.

हे सगळं कुडाळकर ज्या उंचीवरून बोलत, ती उंची कॅनडाची होती. "आमचं वेगळं आहे," ते सांगत. "आम्ही कॅनडाचे परमनंट रेसिडेंट. इथे आपलं तात्पुरतं." मग पाकिटातून कार्ड काढून दाखवत. दाखवताना अंगठा अशा बेताने ठेवत, की मुदतीची तारीख झाकली जाई. कारण ती तारीख उलटून कैक वर्षं झाली होती. एखाद्याने विचारलंच तर म्हणत, "कार्ड संपतं. स्टेटस संपत नाही." मंडळात त्यांना पाठीमागे परमनंट कुडाळकर म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं तेव्हा लोकांना आपलं कौतुक आहे, असं त्यांनी धरून घेतलं.

बारा वर्षांपूर्वी, मुलगी मैथिली सहा वर्षांची असताना, ते तिघं कॅनडाला राहायला गेले होते आणि चार महिन्यांत परत आले होते. परत का आलात, असं कोणी विचारलं तर उत्तरं तीन होती. तिथे अनुभवाला किंमत नाही. थंडीत माणूस घरात कोंडून पडतो. आणि आईची तब्येत. समोरचा माणूस बघून ते यातलं एक निवडत. मात्र शेवटी जायचं तिकडेच, असं प्रत्येक उत्तराला जोडलेलं असे. या जाण्यापायी अनुपमाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, बारा वर्षांत घरात धड कपाट घेता आलं नव्हतं. कपडे प्रवासी बॅगांमध्येच घड्या घालून ठेवलेले असत आणि सणासुदीची साडी काढायची म्हटलं की तीन बॅगा उघडाव्या लागत.

कायदा कुडाळकरांना ठाऊक नव्हता असं नाही. पाच वर्षांत निदान दोन वर्षं तिथे काढावी लागतात. काढली नाहीत म्हणून कोणी घरी येऊन परमनंटपणा काढून नेत नाही, हेही तितकंच खरं. पण कार्डाशिवाय विमानात चढू देत नाहीत. मग बाहेरून प्रवासाचा कागद मागावा लागतो, आणि तो मागितला की इतके दिवस कुठे होतात, हा प्रश्न येतो. कुडाळकरांनी त्यावर साधा उपाय काढला होता. त्यांनी कागद मागितलाच नव्हता.

मैथिली बारावी झाली आणि मागायची वेळ आली. ती जेबेल जैस डोंगराच्या पायथ्याशी लहानाची मोठी झाली होती. डोंगरात जाऊन दगड गोळा करायचे, त्यांना चिठ्ठ्या लावायच्या, हा तिचा नाद. तिला टोरोंटोकडच्या एका विद्यापीठात भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाला. कुडाळकरांनी घरात नाक मुरडलं, दगड बघायला इतक्या लांब कशाला, म्हणाले; आणि बाहेर सगळ्यांना सांगत सुटले. प्रवेशाच्या अर्जावर त्यांनीच परमनंट रेसिडेंट या रकान्यात खूण केली होती. परदेशी विद्यार्थ्यांची फी त्यांना झेपणारी नव्हती, ही गोष्ट मात्र त्यांनी कोणाला सांगितली नाही.

बर दुबईत, मीना बाजारातल्या एका कापडाच्या दुकानावर, कशफ नावाच्या एका बाईचं इमिग्रेशनचं ऑफिस होतं. आईवडील लाहोरचे, ती स्वतः शारजात वाढलेली, वय पस्तिशीच्या आत. कॅनडाच्या कामांसाठी तिचं नाव पेंढारकरांनी दिलं होतं. जिना चढतानाच कुडाळकरांचं मत झालं. परमनंट माणसाची प्रकरणं अशी साड्यांच्या गठ्ठ्यांवर बसून होत नसतात, असं ते अनुपमाला ऐकू जाईल इतपत पुटपुटले. आत गेल्यावर खुर्ची रुमालाने पुसून बसले; मैथिली आईशेजारी बसली.

कशफने किती वर्षं झाली, एवढंच विचारलं. कुडाळकरांनी जन्मापासून सुरुवात केली. पदवी, अनुभव, कारखान्याला मिळालेली प्रमाणपत्रं, कॅनडाच्या धोरणातल्या चुका. ते थांबल्यावर तिने विचारलं, "वापस क्यूँ आए थे?"

"मदर की हेल्थ," कुडाळकर म्हणाले. समोर सरकारी काम होतं, म्हणून तीनपैकी हे उत्तर त्यांनी आधीच पक्कं केलं होतं. आई अंथरुणाला खिळलेली, एकुलता आधार आपण, असं ते पाच मिनिटं सांगत राहिले. हॉस्पिटलचे कागद आहेत का, असं कशफने विचारलं. आहेत, असं ते म्हणाले.

"मोतीबिंदूचे आहेत," अनुपमा म्हणाली. इतका वेळ ती खिडकीतून खालच्या गल्लीतली माणसं बघत होती. "सकाळी ऑपरेशन झालं, दुपारी घरी आल्या. डोंबिवलीला दिरांकडे राहत होत्या. आम्ही त्या वर्षी तिकडे त्यांना बघायला गेलोही नव्हतो." मराठी कशफला कळली नसावी, म्हणून तिने तेच हिंदीत पुन्हा सांगितलं.

कुडाळकरांनी बायकोकडे असं पाहिलं, जसं ते चिरलेल्या बेसिनकडे बघत.

कशफने मग जे सांगितलं ते थोडक्यात असं. तुमच्या दोघांच्या बाजूने बोलायला काही नाही. पण मुलीचं वेगळं आहे. ती लहान होती, तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि आता सज्ञान होताच ती परत जायला निघाली आहे. तिचा एकटीचा अर्ज टिकू शकेल. त्यासाठी जे घडलं ते जसंच्या तसं लिहावं लागेल, आणि ज्याने निर्णय घेतला त्याने तो आपला होता, हे सहीनिशी कबूल करावं लागेल. आजीच्या आजाराची गोष्ट त्यात आली, तर तुमच्याबरोबर तीही बुडेल.

"म्हणजे पोरीने बापाविरुद्ध लिहायचं," कुडाळकर उठत म्हणाले. "आणि बापाने खाली सही करायची. छान." फी भरून ते खाली आले, आणि गाडीत बसेपर्यंत त्या बाईची डिग्री कुठली असेल याबद्दल बोलत राहिले.

रास अल खैमाचा रस्ता लांब आहे. शारजा मागे पडलं, दोन्ही बाजूंना वाळू आणि मधूनच उंट आडवे येऊ नयेत म्हणून घातलेलं कुंपण. कुडाळकर गाडी चालवत होते. मागच्या सीटवरून मैथिलीने विचारलं, "बाबा, जस्ट टेल मी. व्हाय डिड वी लीव्ह?"

तिने हे पूर्वी कधी विचारलं नव्हतं. तिला कॅनडाचं फारसं काही आठवत नव्हतं. शाळेची पिवळी बस आणि दाराशी सुकत ठेवलेले बूट, एवढंच. कुडाळकरांनी अनुभवाला किंमत नाही हे उत्तर काढलं. ती ऐकून म्हणाली, "दॅट्स नॉट अ रीझन. दॅट्स अ कम्प्लेंट."

"तुझ्या बापाला तिथे झाडू मारायला सांगितलं," अनुपमा म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. भाजी संपली आहे, असं सांगावं तसं ती सांगत गेली. ब्रॅम्प्टनमध्ये एका घराच्या तळघरात ते राहत होते. कुडाळकरांना फरशांच्या एका गोदामात काम मिळालं होतं. चौथ्या आठवड्यात त्यांच्या हातून एक खोकं पडलं, फरशा फुटल्या. पंचविशीतला सुपरवायझर होता, श्रीलंकेकडचा तमिळ. तो रागावला वगैरे नाही. त्याने कोपऱ्यातला झाडू आणून यांच्या हातात दिला. यांनी तो भिंतीला टेकवला, कोट घातला आणि बस पकडून घरी आले. परत गेलेच नाहीत. दोन महिने तळघरात बसून सगळ्या देशाला नावं ठेवली आणि मग एक दिवस तिकिटं काढून आले.

"आणि मला नोकरी लागली होती," अनुपमा म्हणाली. "मॉलमधल्या औषधाच्या दुकानात. मी बी. फार्म. आहे, हे तुला माहीत तरी आहे का? मालक म्हणाला होता, तुम्ही लायसन्सची परीक्षा द्या, मी अभ्यासाला सुट्टी देईन. तुझी शाळा सुरू झाली होती. तू येताना बसच्या ड्रायव्हरला मिठी मारून रडलीस. तुला उचलून आणावं लागलं."

मैथिली खिडकीबाहेरचं कुंपण बघू लागली. कुडाळकरांना वाटलं, विषय खलास. मग ते बायकोला म्हणाले, "तू तेव्हा तोंड उघडलं नाहीस. आज बोलतेस."

"तुम्ही तिकिटं घेऊन आलात. त्यावर काय बोलायचं होतं?"

"तू नको म्हणाली असतीस तर थांबलो असतो."

अनुपमाने आरसा खाली ओढला, टिकली सरळ केली आणि आरसा पुन्हा वर ढकलला. कुडाळकरांना हे उत्तरापेक्षा जास्त लागलं. उलट बोलणाऱ्या माणसाला गप्प कसं करायचं, ते त्यांना येत होतं. आपलं बोलणं ऐकण्याच्याही लायकीचं नाही, असं त्यांना आजवर कोणी दाखवलं नव्हतं; निदान घरात तरी नाही.

दोन दिवस त्यांनी अबोला धरला. तो कोणाच्या लक्षात आला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला बोलावून सांगितलं, की सही करतो. सगळा हा कारकुनांचा खेळ आहे, आणि कारकुनांपुढे शहाण्या माणसाला कधी कधी वाकावं लागतं, तेवढंच समज. ती थँक यू म्हणाली.

मैथिलीने आपलं निवेदन स्वतः लिहिलं, पानभर. त्यात बापाला नावं ठेवलेली नव्हती. मी सहा वर्षांची होते, मला माझ्या वडिलांनी परत नेलं, माझी शाळा सुटली, अठरा वर्षांची झाल्यावर मी पहिली गोष्ट ही केली. कुडाळकरांनी ते वाचलं आणि एका स्वल्पविरामाखाली रेघ ओढली. त्यांनी स्वतःचं निवेदन लिहिलं ते साडेतीन पानांचं झालं. कशफने ते परत पाठवलं तेव्हा त्यातली तीनच वाक्यं शिल्लक होती. देश सोडण्याचा निर्णय माझा होता. माझ्या पत्नीला तो मान्य नव्हता. माझ्या मुलीला कोणी विचारलं नाही. खाली सहीची जागा.

कुडाळकरांनी ती वाक्यं दोनदा वाचली. इतकं नागडं इंग्रजी कोणी लिहितं का, म्हणाले. पण खोडून काही घालावं, तर नेमकं काय, ते त्यांना सुचेना. त्यांनी सही केली आणि पेन टोपण न लावता टेबलावर टाकलं.

अनुपमाने मात्र आपला अर्ज भरू दिला नाही. अगदी थोडी आशा आहे, बघायचं का, असं कशफने फोनवर विचारलं होतं. अनुपमा तिला म्हणाली, "नहीं. बेटी को उठा के लाए थे. मैं अपने पाँव से प्लेन में चढ़ी थी." ती हे बोलली तेव्हा कुडाळकर शेजारच्याच खोलीत टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज वाढवला.

उन्हाळ्यात मैथिलीचा कागद मंजूर होऊन आला. पासपोर्टात चिकटवलेला, एकदा आत जाण्यापुरता. ती घरभर नाचली. कुडाळकरांनी तो उजेडात धरून मागून-पुढून तपासला आणि छपाई हलकी आहे म्हणाले. पण आत त्यांना वेगळाच चेव आला होता. काल शाळेतून बाहेर पडलेल्या पोरीला देतात, तर मला न देऊन सांगतात कोणाला? हिशेब त्यांना सरळ वाटला. कशफने हे काम हातात घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा पाकिस्तानी पोरीकडून दुसरं काय होणार, असं म्हणून त्यांनी स्वतःच अर्ज भरला. कारण लिहिलं, आईचं दीर्घ आजारपण. सोबत मोतीबिंदूचा कागद जोडला. डोळा हा शब्द जिथे होता, तिथली प्रत जरा अंधूक काढली होती.

उत्तर लवकर आलं. नकाराच्या पत्रात एक परिच्छेद होता. अर्जदाराने आईच्या आजारामुळे देश सोडावा लागला असं म्हटलं आहे. परंतु याच अर्जदाराने काही महिन्यांपूर्वी मुलीच्या प्रकरणात सही करून असं सांगितलं आहे, की निर्णय त्याचा स्वतःचा होता. पुढे अपिलाची मुदत दिली होती.

कुडाळकरांनी अपील केलं नाही. पत्र कोणाला दाखवलं नाही. पण ते छापून काढायला ऑफिसच्या प्रिंटरवर पाठवलं होतं, आणि तिथून ते दुसऱ्याच कोणीतरी उचलून, घडी घालून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्या आठवड्यात त्यांनी रोजच्यापेक्षा खूप जास्त माल नाकारला. भट्टीवरच्या माणसांनी तो पुन्हा तपासायला पाठवला, तर त्यातला बराचसा चांगला निघाला.

पुढच्या महिन्यात पेंढारकरांकडे जेवण होतं. कुडाळकरांनी तिथे जाहीर केलं, की विचार करून आपण कॅनडा सोडून दिला. त्या देशात आता राहिलंय काय? घरं महाग, डॉक्टर मिळत नाहीत, रस्त्यांवर खड्डे. पेंढारकरांनी मान डोलावली. बाकीचेही ऐकत होते, म्हणजे जेवत होते. वीणाने अनुपमाला विचारलं, मैथिलीला सोडायला कोण जाणार?

"मी जाणार," अनुपमा म्हणाली. "व्हिसा आला परवा."

ही गोष्ट कुडाळकरांना माहीत होती, पण चारचौघांत निघायला नको होती. त्यांच्या बायकोने आपला परमनंटपणा एका सहीत स्वतःहून सोडून दिला होता आणि इतर कोणीही मागेल तसा पाहुणीचा व्हिसा मागितला होता. बँकेचे कागद, परतीचं तिकीट, सगळं. कुडाळकरांनी तेव्हा तिला विचारलं होतं, की तुला लाज कशी वाटत नाही, आपल्याच देशात टुरिस्ट म्हणून जायची. आपला देश कुठला, असं तिने विचारलं होतं. चिडून वगैरे नाही. तिला खरंच ऐकायचं होतं. तेव्हा ते डोंबिवलीही म्हणू शकले नव्हते.

"तुम्ही नाही जात?" वीणाने आता त्यांना विचारलं.

"रांगेत उभं राहून व्हिसा मागायचा? मी?" कुडाळकर म्हणाले आणि ताकाचा पेला उचलला.

"हो ना," वीणा म्हणाली. "ते आमच्यासारख्यांनी करायचं." आणि तिने त्यांच्या पानात आणखी भात वाढला, ते नको म्हणत असताना.

ऑगस्टच्या अखेरीस दोघी गेल्या. विमानतळावर मैथिली बापाच्या गळ्यात पडली. कुडाळकरांनी तिला कोणावर विश्वास ठेवू नकोस, तिथले प्रोफेसर यथातथाच असतात, असं सांगितलं. तिचं सामान वजनात थोडं जास्त भरलं, कारण तिने दगडांचा एक डबा घेतला होता. तो काढून ठेव, असं ते म्हणाले. अनुपमाने स्वतःच्या बॅगेतल्या दोन साड्या काढून त्यांच्या हातात दिल्या आणि डबा आपल्या बॅगेत घातला. मग दोघी आत गेल्या. अनुपमाने वळून हात केला तो मुलीने सांगितल्यावर.

दुसऱ्या दिवशी कुडाळकर सुट्टी घेऊन घरी बसले होते. काय काय विचारतील, अडवतील का, बाजूच्या खोलीत नेतील का, याचा त्यांनी मनाशी पूर्ण तपशील तयार केला होता. तसं झालं तर फोनवरून आपण त्या अधिकाऱ्याशी काय बोलायचं, तेही ठरलं होतं. पहिलं वाक्य त्यांनी आंघोळ करताना दोनदा म्हणून पाहिलं.

संध्याकाळी फोन आला. मागे सामानाच्या पट्ट्याचा आवाज येत होता. मैथिली धापा टाकत बोलत होती. "वी आर थ्रू, बाबा. दि ऑफिसर आस्क्ड हाऊ लाँग आय वॉज अवे. आय सेड ट्वेल्व्ह इयर्स. ही सेड, ओके, वेलकम बॅक."

"एवढंच?"

"हो. आणि मग आईला विचारलं, हाऊ लाँग आर यू व्हिजिटिंग. दॅट्स इट."

"माझं काही विचारलं?"

"नो, बाबा," ती म्हणाली. "का विचारतील?" मग बॅगा आल्या म्हणून तिने फोन ठेवला. आईला देते, असं म्हणाली होती, ते राहूनच गेलं.

कुडाळकरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पेंढारकरांना फोन लावला. पोचल्या का, असं पेंढारकरांनी काळजीने विचारलं. आत जाताना काही त्रास झाला नाही ना?

"कसला त्रास?" कुडाळकर म्हणाले. "पार ढिला कारभार झालाय, अरुण. धड चौकशीसुद्धा करत नाहीत. हल्ली कोणालाही घेतात आत."